गरम आहे, सर!

मोटरसायकलच्या हँडलवर बटणांची जी गर्दी असते, तिच्यात एका बटणावर मूठ आणि तिच्यातून वर जाणाऱ्या तीन नागमोडी रेघा काढलेल्या असतात. पुण्यातल्या माणसाला हे चित्र पाहून आधी वाटतं, इंजिन तापल्याचा इशारा असावा. मग वाटतं, चहा असावा. हँडलच्या मुठी गरम करायला कुणी मुद्दाम बटण देईल हे त्याच्या डोक्यातच येत नाही, कारण एप्रिलमध्ये अर्धा तास उन्हात लावलेली कुठलीही गाडी हे काम फुकटात करते आणि वर सीटही तापवून देते.

तरी लांब पल्ल्याची, महागातली मोटरसायकल घेतली की हीटेड ग्रिप्स बहुधा पदरात पडतातच. ‘या काढून घ्या आणि तेवढे पैसे कमी करा’ असं शोरूममध्ये म्हणून पाहायला हरकत नसते. मी म्हणून पाहिलं. समोरचा मुलगा गोड हसला आणि त्याने ॲक्सेसरीजचं पान पुढे सरकवलं. असल्या गाड्या म्युनिकच्या किंवा होक्काइडोच्या माणसाला नजरेपुढे ठेवून बनवतात. आपण त्या हप्त्यांवर घेतो आणि मार्केट यार्डातून कोथिंबीर आणतो.

आमच्या सोसायटीतल्या काकांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, त्या बटणावर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे काय?” मी म्हटलं, “हात गरम होतात.” काका थोडा वेळ गप्प राहिले. “कुणाचे?” मी म्हटलं, “चालवणाऱ्याचे. काही मॉडेलांत सीटसुद्धा गरम होते.” यावर काका काही न बोलता जिना चढून गेले. लिफ्ट चालू असताना.

घरूनही फार वेगळी प्रतिक्रिया नव्हती. दर हिवाळ्यात शहरात तिबेटी लोक स्वेटरांचे स्टॉल लावतात, तिथे लोकरीचे हातमोजे काय भावाने मिळतात याची मला जेवताना नीट माहिती देण्यात आली.

आता या मुठींची बाजू कुणीतरी घ्यायला हवी, म्हणून घेतो. हवा दहा अंशांवर असेल आणि आपण ताशी ऐंशीने जात असू, तर वाऱ्यामुळे उघड्या कातडीला ती चारेक अंशांसारखी लागते. हवा शून्यावर असेल तर त्याच वेगात जवळजवळ उणे दहा. अमेरिका आणि कॅनडाच्या हवामान खात्यांनी २००१ साली यासाठी जे सूत्र स्वीकारलं, त्यात आकडे घालून कुणीही पडताळून पाहावं. अशा वेळी शरीर फार व्यवहारी होतं. हृदय, फुप्फुसं, मेंदू ही मंडळी महत्त्वाची, त्यांना रक्त चालू, बोटांचं बंद. माणूस घरी रजईत असेल तर हा निर्णय बरोबरच आहे. पण मोटरसायकलवर क्लच, पुढचा ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न, सगळा कारभार त्याच बोटांच्या हाती असतो. बोटं बधिर झाली की ब्रेक दाबला आहे की नुसताच धरला आहे हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. तेव्हा या चैनीच्या वस्तूत थोडी सुरक्षितताही आहे. हे मी घरीही सांगितलं. “मग थंडीत जाऊ नका,” असं उत्तर मिळालं. सुरक्षिततेच्या दृष्टीने यावर काही बोलता येत नाही.

यंत्र म्हणाल तर अगदी साधं. रबराच्या आत एक रोधाची तार. वीज सोडली की तापते. इस्त्री आणि गीझरच्याच घराण्यातली, फक्त गरीब शाखेतली. एका मुठीला पंधरा-वीस वॉट, दोन्हींना मिळून तीनेक अँपिअर. पण हल्लीच्या गाड्यांत साधी गोष्ट साधी ठेवायची पद्धत नाही, म्हणून मध्ये एक संगणक बसवलेला असतो. इंजिन चालू नसेल तर तो बऱ्याच गाड्यांत मुठी तापूच देत नाही. बॅटरीचं व्होल्टेज घसरलं तर इंजिनाची वीज राखायची म्हणून मुठींची आधी तोडतो. गाडीच्या पुस्तिकेत हे वाचून माझा ऊर भरून आला. पुस्तिका परदेशात छापलेली, पण त्यात चक्क लोडशेडिंग होतं. लोडशेडिंग सोसलेल्या महाराष्ट्राला ही व्यवस्था आणखी समजावून सांगायची गरज नाही.

तर या मुठींची खरी परीक्षा व्हावी म्हणून गाडी लडाखला नेली. सप्टेंबरातली सारचूची पहाट. चौदा हजार फुटांवरच्या तंबूतून माणूस अशा वेळी बाहेर येतो तो शौर्यामुळे नव्हे, आत झोप लागत नाही म्हणून. दोन्ही मुठी सर्वांत वरच्या नंबरावर ठेवल्या आणि हातांना अशी काही ऊब आली की सोसायटीतले काका, तिबेटी स्टॉल, हप्ते, सगळ्यांना मी मनोमन माफ केलं.

सारचू सोडलं की पुढे गाटा लूप्स लागतात. डोंगराच्या एकाच अंगावर रचलेली एकवीस वळणं. एकवीस हा आपल्याकडे मोदकांचा आकडा, त्यामुळे मला तो शुभ वाटला होता. पहिल्या डाव्या वळणाला उजवी मूठ गार पडली. उजव्या वळणाला पुन्हा जीव धरू लागली. पुढच्या डाव्याला परत गार. डावी मूठ मात्र निष्ठेने तापत होती. चढ संपेपर्यंत माझा उजवा हात ऊन-पावसाचा खेळ खेळत होता. अर्ध्यावर तर मी उजव्या वळणांची वाट पाहायला लागलो होतो. सरळ रस्ता आल्यावर मुठीनेही सरळ निर्णय घेतला आणि ती त्या प्रवासापुरती गारच राहिली.

पांगच्या तंबूंपर्यंत पोचेतो उजव्या हाताची बोटं दुसऱ्या कुणाची तरी असावीत असं वाटत होतं. चहाचा ग्लास मी त्याच हातात धरला आणि तो भाजतोय हे चार घोट घेतल्यावर कळलं. शेजारच्या बाकावर बुलेटवरून आलेला एक कोल्हापूरकर बसला होता. त्याने हातमोजे काढले, तर आतून गोकुळच्या दुधाच्या पिशव्या निघाल्या. मनगटाला रबरबँड.

“वारं न्हाई लागत आन् वलबी न्हाई हुत,” तो म्हणाला. “गारठलं काय हात? घ्या की, दोन शिल्लक हायत.”

मी म्हटलं, “एकच द्या. डावा चालू आहे.”

तो माझ्याकडे, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिला. गाडीची किंमत त्याने नंतर विचारली आणि ती ऐकून दुसरीही पिशवी देऊन टाकली.

लेहमध्ये मिस्त्री पुष्कळ आहेत आणि हुशार आहेत. पण ते बुलेटचे. माझ्या गाडीजवळ येऊन एकाने स्क्रीनकडे पाहिलं, “ये कंप्यूटरवाली है” म्हणाला आणि दोन पावलं मागे सरला, जणू ती लाथ मारेल. खारदुंग ला मी एक हात खिशात घालायची इच्छा दाबत पार केला. तिथे वर्षानुवर्षं १८,३८० फुटांची पाटी होती आणि नीट मोजलं तर उंची भरते १७,५८२ फूट. पण ज्याच्या पाच बोटांना काहीच कळत नाही त्याला या आठशे फुटांनी काय फरक पडतो?

पुण्यात आलो तो ऑक्टोबर हीटमध्ये. ज्या गावात मिस्त्री आहे तिथे थंडी नाही आणि जिथे थंडी आहे तिथे मिस्त्री नाही, ही या मुठींची मूळ अडचण आहे. बाकी सगळं तिच्या पोटातून निघतं.

सर्व्हिस सेंटर झकास होतं. काचेची भिंत, कॉफीचं यंत्र, भिंतीवर बर्फातून धावणाऱ्या मोटरसायकलचं पोस्टर. अ‍ॅडव्हायझरने टॅबलेटवर जॉबकार्ड उघडलं. मी गाटा लूप्सपासून सगळं सांगितलं. त्याने लिहिलं: ‘उजवी ग्रिप थंड असल्याचं ग्राहकाचं म्हणणं आहे.’ या वाक्यात ‘म्हणणं’ या शब्दावर सगळा भार होता. मग तो बाहेर आला. गाडी उन्हात उभी होती. त्याने उजव्या मुठीवर हात ठेवला आणि पटकन काढून घेतला.

“गरम आहे, सर.”

मी म्हटलं, “गाडी बंद आहे.”

“तरी गरम आहे ना?”

“डावीला लावून बघा.”

त्याने लावला. “तीपण गरम आहे, सर. दोन्ही सेम.”

मी त्याला म्हटलं की शेजारच्या स्कूटरच्या मुठीलाही हात लावून बघा. त्याने मनापासून लावून पाहिला. या पेशातली मुलं फार आज्ञाधारक असतात. मग आतून टेक्निशियन आला, त्याने लॅपटॉप जोडला. माझ्या आशा पल्लवित झाल्या, कारण मुठीची तार तुटली की संगणक तशी नोंद ठेवतो असं मी वाचलं होतं. लॅपटॉपवर बऱ्याच ओळी आल्या आणि त्याने एक बटण दाबल्यावर सगळ्या गेल्या.

“काय होतं?”

“जुने फॉल्ट होते, सर. डिलीट केले. आता क्लीन आहे.”

मग गाडी स्टँडवर उभी करून, इंजिन चालू करून, हँडल सरळ ठेवून त्यांनी दहा मिनिटं मुठी तापवल्या. दोन्ही तापल्या. उभ्या गाडीत, सरळ हँडलला त्या तापणारच, तक्रार डावीकडे वळण्याबद्दल होती. पण हँडल वळवून बघण्याचा रकाना त्यांच्या तपासणीत नव्हता. जॉबकार्डवर शेरा आला, ‘दोष आढळला नाही’. सोबत सॉफ्टवेअर अपडेट आणि गाडी स्वच्छ धुऊन.

ही धुण्याची गोष्ट लक्षात ठेवा. ती कॉम्प्लिमेंटरी असते.

डिसेंबरात मी पुन्हा गेलो आणि अ‍ॅडव्हायझरला एक रीतसर प्रस्ताव दिला. म्हटलं, आपण दोघं निफाडला जाऊ. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा उतरला की सगळी वर्तमानपत्रं पहिल्या पानावर छापतात. त्या बातमीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे जायचं. द्राक्षं गारठू नयेत म्हणून शेतकरी बागांत शेकोट्या पेटवतात, म्हणजे हात अगदीच गेले तर शेकायचीही सोय. टेस्ट राइड तुम्ही घ्या, मी मागे बसतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “सर, टेस्ट राइडला आम्हाला पाच किलोमीटरची लिमिट आहे. निफाड किती पडतं?”

शेवटी मी नाना पेठ गाठली. पुण्यात दुचाकीचा जो सुटा भाग कुठेच मिळत नाही तो नाना पेठेत मिळतो आणि जो तिथेही मिळत नाही तो बनवणारा माणूस दोन दुकानं सोडून बसलेला असतो. मिस्त्री साठीचे, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. त्यांनी मुठीला हातच लावला नाही. आधी विचारलं, “कधी बंद पडती? वळताना का सरळ?” मला गहिवरून आलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न पहिल्यांदाच कुणी विचारला होता.

“वळताना. डावीकडे.”

“मग तारंतच हाय,” ते म्हणाले आणि खाली बसले. रेसची मूठ दिवसभर फिरत राहते, तिच्याबरोबर तिची वायर वाकत राहते. क्लचच्या बाजूची मूठ हँडलला चिकटून बसलेली, तिला हालचाल नाही, म्हणून तिची वायर सहसा तुटत नाही. तिचं दुखणं वेगळं. ती थेट धातूच्या पाइपावर बसते, पाइप तिची गरमी खातो. रेसच्या मुठीखाली प्लास्टिकची नळी असते, ती गरमी जाऊ देत नाही. त्यामुळे नीट चालणाऱ्या गाडीतही कंपनीने काही सोय केलेली नसेल, तर डावा हात थोडा थंड लागतो. हे सगळं त्यांनी मान वर न करता सांगितलं, एकीकडे तारांकित स्क्रूची चावी शोधत. ही चावी त्यांच्याकडे वॉशिंग मशीनच्या एका गिऱ्हाइकामुळे आली होती.

बाजूचं पॅनल काढून त्यांनी वायरचा कपलर सोडवला. मीटर लावलं. दहा ओहम. मुठीतली तार शाबूत. मग मीटर सीटीवर ठेवलं आणि हँडल हळूहळू डावीकडे नेलं. पीऽऽऽ, पी, पी... गप्प. परत सरळ केलं, पीऽऽऽ. परत डावीकडे, गप्प. मिस्त्रींनी वायर दोन बोटांत धरून चाचपत नेली आणि मुठीपासून चार बोटांवर थांबले. बाहेरून आवरण अगदी नवं. “आतून कट हाय. एखादं केस धरून ऱ्हायलंय.” कपलरही त्यांनी मला दाखवला. पितळी पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर.

“हितं पाणी कोण मारतं?”

मी म्हटलं, “सर्व्हिसिंगला धुतात. प्रेशरने.”

मिस्त्री फक्त “हं” म्हणाले. त्या ‘हं’मध्ये एक अख्खं जॉबकार्ड होतं.

वायर कापून डाग द्यायला त्यांना दहा मिनिटं पुरली असती. पण त्यांनीच नको म्हटलं. “वॉरंटीतली गाडी हाय सायेब, मी कापली तर ते हात वर करतील. जागा दाखवतो, त्यांनाच करू द्या.” आणि त्या जागेवर त्यांनी लाल चिकटपट्टीचा एक वेढा मारून दिला. पैसे विचारले तर म्हणाले, “बघितल्याचे काय पैसे?” इथे मला कॉफीच्या यंत्राची आठवण झाली. त्या कॉफीचा खर्च कुठल्या मजुरीत धरत असतील कोण जाणे.

लाल पट्टी पाहून अ‍ॅडव्हायझरचा चेहरा बदलला. “सर, हे कुणी लावलं? बाहेर गाडी उघडली असेल तर वॉरंटीला प्रॉब्लेम येईल.” गाडीत दोष आहे हे त्याला महिनोन्‌महिने सापडलं नव्हतं, गाडी उघडली होती हे एका सेकंदात सापडलं. मी म्हटलं, “चिकटपट्टी आहे, बाहेरून लावली आहे. आता हँडल डावीकडे करा आणि बघा.” टेक्निशियनने मीटर लावून केलं. गप्प. मग तिघे-चौघे जमा झाले, आळीपाळीने हँडल वळवून पाहू लागले आणि एकाने तर त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. इतकी स्पष्ट केस त्यांना बऱ्याच दिवसांत मिळाली नसावी.

दोष मान्य झाला. पण चार बोटं वायर हा पार्ट नसतो. पार्ट असतो तो मूठ, नळी आणि वायर मिळून अख्खा, आणि तो परदेशातून येतो. मंजुरीला मेल गेला, मंजुरी आली, ऑर्डर गेली. जानेवारी गेला. फेब्रुवारीत, पुण्यातली उरलीसुरली थंडी ओसरत असताना, पार्ट आल्याचा फोन आला. डाव्या बाजूचा होता.

“सर, तोपर्यंत डावा बदलून देऊ का?” असं त्याने खरंच विचारलं. चांगल्या मनाने विचारलं. ग्राहकाने रिकाम्या हाताने जाऊ नये, अशी शिकवण असणार.

उजवा आला मे महिन्यात. बाहेर एकोणचाळीस अंश. नवी मूठ बसवली, संगणकाला तिची ओळख करून दिली, आणि डिलिव्हरीच्या वेळी मला मूठ सर्वांत वरच्या नंबरावर ठेवून धरायला सांगितलं. मी धरली. हँडल डावीकडे केलं, उजवीकडे केलं, रेस दिली, सोडली. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. आजूबाजूला सगळा स्टाफ माझ्या चेहऱ्याकडे बघत उभा. मूठ उत्तम तापत होती. तसं मी सांगितल्यावर एकाने टाळी वाजवली.

“आणि सर, गाडी स्पेशल वॉश केलीये,” अ‍ॅडव्हायझर म्हणाला. “हँडलचा सगळा भाग मी स्वतः उभं राहून प्रेशरने मारून घेतला. तिथे फार धूळ बसते.” मग आवाज खाली आणून त्याने सांगितलं की मला एक फोन येईल, त्यात दहापैकी दहा द्यायचे. नऊ दिले तरी वर शून्य धरतात.

फोन आठवडाभरात आला. बाईंचा आवाज गोड होता. गाडी वेळेत मिळाली का, स्टाफचं वागणं कसं होतं, लाउंजमध्ये बसायची सोय होती का, सगळं विचारून झालं. मुठीचा उल्लेख कुठेच नव्हता.

“आणि वॉशिंग कसं झालं, सर?”

मी म्हटलं, “मॅडम, पाणी फार आतपर्यंत मारतात.”

“आतपर्यंत मारतात,” त्या टाइप करत म्हणाल्या. “म्हणजे दहा लिहू?”

“लिहा.”